झाड, भाग आणि वागणूक : शेतातील कीटक ओळखण्याची रीत

मिरचीच्या पानांच्या कडा वर वळून पान होडीसारखे दिसू लागले, तर कारण बहुधा फुलकिडे असतात. त्याच कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे झाले, तर पिवळ्या कोळीचा संशय घ्यावा लागतो. हे दोन्ही जीव नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. त्यांच्यावर चालणारी औषधे मात्र वेगळी आहेत. फुलकिड्यांचे औषध कोळीवर फवारले, तर पैसा व वेळ वाया जातोच. शिवाय कोळी खाणारे मित्रजीव मेल्यामुळे कोळी आणखी वाढते. अशा वेळी कीटकशास्त्रज्ञ जवळ नसतो आणि सूक्ष्मदर्शक यंत्रही नसते. हाताशी असते ते पीक, त्याच्यावरील खूण आणि किडीचे वागणे. या तीन गोष्टी नीट पाहिल्या, तर शेतात दिसणाऱ्या बहुतेक किडींची प्राथमिक ओळख बांधावरच पटू शकते. ही रीत कुठवर चालते, कुठे फसवते आणि फसवते तेव्हा काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

बेंगळुरूचे स्थान

कीटकांची ओळख आणि जैविक नियंत्रण या दोन्ही विषयांत बेंगळुरूला देशात विशेष स्थान आहे. राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र १९५७ मध्ये येथे सुरू झाले. पुढे १९९३ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने येथे जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय स्थापन केले. त्याचे २००९ मध्ये राष्ट्रीय ब्युरोत रूपांतर झाले आणि २०१४ पासून ही संस्था राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने ओळखली जाते. हेब्बाळ येथील या ब्युरोत शेतीशी संबंधित कीटकांचे नमुने जतन केले जातात आणि देशभरातून आलेल्या नमुन्यांची ओळख पटवून दिली जाते. कृषी विज्ञान विद्यापीठ आणि हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था याही याच शहरात आहेत. गेल्या दोन दशकांत देशात शिरलेल्या अनेक परदेशी किडींची ओळख या संस्थांच्या कामातून पक्की झाली.

संग्रहालयात जतन केलेल्या प्रत्येक नमुन्यासोबत एक लहान चिठ्ठी असते. तो कोठे, कधी आणि कोणत्या झाडावर सापडला, हे तिच्यावर लिहिलेले असते. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याचे मोल फार कमी होते. शास्त्रज्ञालाही झाडाचे नाव इतके महत्त्वाचे वाटते, यावरून शेतात काम करणाऱ्याने काय टिपावे हे लक्षात येते.

यजमान वनस्पती : पहिली गाळणी

जी वनस्पती खाऊन कीटक आपली पिढी पूर्ण करतो, तिला त्याची यजमान वनस्पती म्हणतात. वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी उग्र, कडू किंवा विषारी द्रव्ये तयार करतात. बहुतेक कीटकांना ती सोसत नाहीत. काही कीटकांच्या शरीरात मात्र ती पचविण्याची व्यवस्था विकसित झालेली असते आणि पुढे त्याच द्रव्याच्या वासावरून ते आपले झाड शोधतात. म्हणून अनेक किडी एकाच कुळातील वनस्पतींवर दिसतात.

कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग हे याचे उत्तम उदाहरण आहे. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी या एकाच कुळातील पिकांत जी तिखट, झणझणीत द्रव्ये असतात, त्यांच्या आधाराने ही कीड अंडी घालण्याची जागा निवडते. याच स्वभावाचा उपयोग करून बेंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेने मोहरीचे सापळा पीक सुचविले. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी असतात. पहिली ओळ कोबीच्या लागवडीपूर्वी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी, अशी ती शिफारस आहे. पतंग कोबीऐवजी मोहरीकडे ओढला जातो आणि मोहरीपुरता बंदोबस्त केला की कोबीवरील फवारण्या कमी होतात. कीड कोणत्या झाडाला ओळखते हे कळले की तिला कुठे अडवायचे तेही कळते.

लिंबूवर्गीय झाडे, कढीपत्ता आणि बेल ही एकाच कुळातील झाडे आहेत. म्हणूनच संत्र्याच्या रोपवाटिकेत दिसणारी लिंबावरील फुलपाखराची अळी परसातल्या कढीपत्त्यावरही सापडते. वांग्याची शेंडे व फळे पोखरणारी अळी प्रामुख्याने वांग्यावर आणि तिच्या कुळातील वनस्पतींवर जगते. ठिपक्यांची बोंडअळी कपाशीइतकीच भेंडीवरही दिसते, कारण ही दोन्ही पिके एका कुळातील आहेत. विस्तार कार्यकर्त्याला किडींची शेकडो नावे पाठ असण्याची गरज नाही. पिकांची कुळे माहीत असली, तरी दर वेळी शेकडो शक्यतांमधून पाच-सहाच शिल्लक राहतात.

कधी एकाच किडीची दोन यजमान झाडे असतात. एक अळीचे आणि दुसरे प्रौढाचे. हुमणीची अळी जमिनीत राहून ऊस, भुईमूग, ज्वारी यांची मुळे खाते. होलोट्रिकिया सेराटा या जातीचे भुंगेरे मात्र वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमून पाला खातात. उसाचे बेट सुकल्यावर धावपळ करण्यापेक्षा पावसाळ्याच्या तोंडावर बांधावरच्या लिंबा-बाभळीकडे संध्याकाळी पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. फांद्या हलवून पाडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकण्याची सामुदायिक मोहीम याच निरीक्षणावर उभी आहे.

सर्व किडी इतक्या चोखंदळ नसतात. तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि घाटे अळी या अनेक कुळांतील पिकांवर जगतात. अशा बहुभक्षी किडींच्या बाबतीत झाडाचे नाव फारसा निर्णय देत नाही. तेथे दुसऱ्या गाळणीची गरज पडते.

झाडाचा कोणता भाग आणि कशी खूण

एकाच पिकावर राहणाऱ्या किडींनी जागा वाटून घेतलेल्या असतात. त्यांच्या तोंडाची रचना वेगळी असल्याने खाण्याच्या खुणाही वेगळ्या उमटतात. कीड दिसली नाही, तरी तिची सही झाडावर राहते.

मक्याचे उदाहरण घेता येईल. पोंग्यातून उलगडलेल्या पानावर बारीक गोल छिद्रांची सरळ ओळ दिसली आणि पुढे मधला पोंगा सुकून सहज उपटला जाऊ लागला, तर तो खोडकिडा असतो. पानांच्या कडांपासून खात जाऊन केवळ मधली शीर शिल्लक राहिली असेल आणि दिवसा कीड नजरेस पडत नसेल, तर ती बहुधा जुनी, देशी लष्करी अळी असते. ती रात्री खाते आणि दिवसा ढेकळांखाली किंवा पोंग्यात दडते. पानावर आधी कागदासारखे पातळ, पारदर्शक चट्टे, नंतर मोठी वेडीवाकडी भोके आणि पोंग्यात ओल्या भुशासारखी भरपूर विष्ठा असेल, तर ती अमेरिकन लष्करी अळी असते. तिन्ही किडी मक्यावर, तिन्ही अळ्या आणि तिन्ही पोंग्याशी संबंधित. परंतु तिघींच्या खुणा वेगळ्या आहेत.

कपाशीच्या बोंडअळ्यांचेही असेच आहे. ठिपक्यांची बोंडअळी पीक लहान असताना शेंडा पोखरते, त्यामुळे शेंडे माना टाकतात. घाटे अळी बोंडाला मोठे गोल छिद्र पाडते. खाताना तिचे डोके बोंडात आणि उरलेले शरीर बाहेर असते. गुलाबी बोंडअळी फुलाच्या पाकळ्या आतून धाग्यांनी गुंफते, त्यामुळे फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखे दिसते. शेतकरी त्यालाच डोमकळी म्हणतात. ती बोंडात शिरल्यावर प्रवेशाचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि आत सरकी खाल्ली जात असते. म्हणून गुलाबी बोंडअळीची पाहणी बोंड फोडल्याशिवाय पूर्ण होत नाही.

फळबागांतील खुणा वर्षभर टिकतात. नारळाच्या उलगडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर गेंडा भुंगा कोंबात शिरून गेला आहे असे समजावे. खोडावरील छिद्रातून तपकिरी चिकट द्रव पाझरत असेल आणि कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज येत असेल, तर तो सोंड्या भुंगा असतो. पहिल्यातून झाड बहुधा सावरते. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर झाड जाते. आंब्याच्या खोडावर विष्ठा व धाग्यांनी विणलेली जाळीदार पट्टी साल खाणाऱ्या अळीची असते. खोडाच्या छिद्रातून भुसा बाहेर पडत असेल, तर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आत असते.

रसशोषक किडी भोके पाडत नाहीत. त्यांच्या खुणा म्हणजे पान पिवळे पडणे, आकसणे, चंदेरी चट्टे उमटणे आणि खालच्या पानांवर चिकट थर व काळी बुरशी वाढणे. काळी बुरशी दिसली की वर कोठेतरी मावा, पांढरी माशी, खवले कीटक किंवा पिठ्या ढेकूण आहे असे समजून वरच्या पानांची खालची बाजू पाहावी.

वागणूक : तिसरी गाळणी

रंग आणि आकार फसवे असतात. त्याच अळीचा रंग पीक, वय आणि गर्दी यांनुसार बदलतो. वागणे मात्र सहसा बदलत नाही. म्हणून कीड सापडताच ती मारण्यापूर्वी दोन मिनिटे पाहणे आणि काडीने हलकेच डिवचणे हा ओळखीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी डिवचली की जोरजोराने वळवळते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. लिंबावरील फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, तर मोठी हिरवीगार असते. दोघी वेगवेगळ्या जातींच्या वाटतात. परंतु डिवचताच डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडण्याची सवय दोघींचीही आहे. कपाशीच्या पानाखालची तुडतुड्यांची पिल्ले तिरकी चालतात. मावा बहुधा जागचा हलत नाही. पांढरी माशी झाड हलवताच उडते आणि पुन्हा पानाखाली येऊन बसते.

फळमाशीच्या बाबतीत वागणूक हेच ओळखीचे साधन बनले आहे. आंब्यावरील फळमाशी आणि तिच्या काही जवळच्या जातींचे नर मिथाइल युजेनॉलकडे धावतात. वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीचे नर त्याकडे फिरकत नाहीत. ते क्यू-ल्युअरकडे येतात. म्हणून दोडका किंवा कारल्याच्या मांडवात मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगून माशी नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मिथाइल युजेनॉल तुळशीतही आढळते, त्यामुळे फळमाशीचे नर कधी तुळशीवर बसलेले दिसतात. तुळस मात्र तिची यजमान नव्हे. माशीची अळी तिच्यावर वाढत नाही. कीटक एखाद्या झाडावर दिसणे आणि ते झाड त्याचे यजमान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झाडावरचा प्रत्येक कीटक झाड खात नाही

झाडावरून कीड ओळखण्याच्या रीतीत सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. पीक, त्याच्यावर अळी, म्हणजे ती पिकाची शत्रू, असा सरळ हिशेब केला जातो. प्रत्यक्षात ती अळी पिकाच्या शत्रूला खाण्यासाठी आलेली असू शकते.

२००२ मध्ये सांगली परिसरात उसावर लोकरी माव्याचा मोठा उद्रेक झाला आणि तो पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील ऊसपट्ट्यात पसरला. पानांच्या खालच्या बाजूस पांढरा लोकरीसारखा थर आणि खालच्या पानांवर काळी बुरशी ही त्याची ओळख होती. त्याच पांढऱ्या थरात धाग्यांच्या जाळीत राहणारी एक अळी आढळत असे. ती डिफा ॲफिडिव्होरा या पतंगाची अळी होय. ती उसाचे पान खात नाही. ती लोकरी मावा खाते. तिच्या जोडीला मायक्रोमस हा परभक्षी आणि एन्कार्सिया ही सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशीही होती. या मित्रकीटकांची ओळख पटल्यावर डिफा आणि मायक्रोमस असलेली पाने नव्या क्षेत्रात नेऊन सोडण्यात आली आणि मावा आटोक्यात येण्यास त्यांचा मोठा हातभार लागला. अळी दिसली म्हणून जेथे फवारणी झाली, तेथे शेतकऱ्याने स्वतःच आपला मदतनीस गमावला.

पिठ्या ढेकणांच्या वसाहतीत असाच घोटाळा होतो. द्राक्ष, सीताफळ, पेरू, डाळिंब यांवरील पिठ्या ढेकणांमध्ये कधी एखादा ढेकूण फारच मोठा दिसतो. त्याच्या अंगावरचे मेणाचे धागे लांब असतात आणि तो इतरांपेक्षा वेगाने चालतो. तो ढेकूण नसून क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असते. हा ढालकिडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि दक्षिणेतील फळबागांत स्थिरावला. त्याच वसाहतीत मेण पांघरून बसलेली एक चपटी अळीही असू शकते. ती स्पाल्जिस एपियस या लहान फुलपाखराची असते. तिचा कोष माकडाच्या चेहऱ्यासारखा दिसतो, त्यामुळे तो एकदा पाहिला की विसरला जात नाही. या फुलपाखराची अळी पान न खाता पिठ्या ढेकूण खाते.

याउलट फसवणूकही होते. ढालकिडे मित्र असतात हे शेतकऱ्यांना आता माहीत आहे. परंतु वांगी, बटाटा, कारले यांवर आढळणारा एपिलॅक्ना हाही ढालकिडाच आहे आणि तो पाने खातो. मावा खाणारे ढालकिडे बहुधा चकचकीत असतात व त्यांच्या अळ्या गडद, लांबट आणि चपळ असतात. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असल्याने तो निस्तेज दिसतो. त्याच्या अळ्या पिवळसर व काटेरी असून हळू चालतात. खात्रीची खूण पानावर असते. हिरवा भाग खरवडला जाऊन पानाची केवळ जाळी उरली असेल, तर तो एपिलॅक्ना होय. पान शाबूत असेल आणि आसपास मावा असेल, तर तो मित्र समजावा. कपाशीवरील लाल ढेकणांच्या गर्दीतही असाच लाल रंगाचा दुसरा ढेकूण आढळतो. अँटिलोकस हे त्याचे नाव. तो सोंड खुपसून लाल ढेकणांचा रस शोषतो. त्याची सोंड कपाशीच्या सरकीत आहे की दुसऱ्या ढेकणाच्या अंगात, हे पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये.

यादीत न बसणारी कीड

प्रत्येक पिकाच्या किडींची एक यादी अनुभवाने तयार होते. तिचा पहिला उपयोग ओळख पटविण्यासाठी होतो. दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. समोरची कीड यादीत बसत नसेल, तर ती बातमी असते. गेल्या काही वर्षांतील तीन प्रसंग हे स्पष्ट करतात.

पहिला प्रसंग पपईवरील पिठ्या ढेकणाचा. २००८ मध्ये कोईमतूर परिसरात पपईवर पिठ्या ढेकणाचा असाधारण प्रादुर्भाव दिसला. लवकरच तो तुती, टॅपिओका, जास्वंद आणि गाजर गवत यांवरही आढळला आणि नंतर पुणे परिसरातील पपईपर्यंत पोहोचला. ही मध्य अमेरिकेकडील पॅराकॉकस मार्जिनॅटस जात असल्याचे निश्चित झाले. तिची एक सोपी खूण अशी की पिवळसर दिसणारी मादी अल्कोहोलमध्ये ठेवली की निळसर काळी पडते. कपाशीवरील पिठ्या ढेकणाच्या पाठीवर गडद पट्टे असतात, ते हिच्यावर नसतात. नाव कळल्यामुळे तिचे मूळ ठिकाण कळले आणि तेथील शत्रूही माहीत झाले. २०१० मध्ये बेंगळुरूच्या ब्युरोने पोर्टो रिकोतील अमेरिकी प्रयोगशाळेतून तीन परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यांपैकी ॲसेरोफेगस पपाये विशेष प्रभावी ठरली आणि पपई, तुती व टॅपिओकाचे उत्पादक सावरले. ही माशी विशिष्ट ढेकणावरच वाढते. ढेकणाचे नाव चुकले असते, तर चुकीची माशी आणून सोडली गेली असती आणि काहीही साधले नसते.

दुसरा प्रसंग अमेरिकन लष्करी अळीचा. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा परिसरात मक्याच्या पोंग्यात ही अळी आढळली. त्याच वर्षी ब्युरोनेही चिक्कबळ्ळापूर भागातील नमुन्यांवरून तिची ओळख पटवली. वर्ष संपण्यापूर्वी ती महाराष्ट्रात मका आणि ऊस या दोन्ही पिकांवर पोहोचली होती. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडील आठव्या वलयावर चौकोनात चार ठळक काळे ठिपके, अशी तिची खूण आहे. या दोन्ही खुणा एकत्र पाहाव्यात. एकटी पहिली खूण इतर अळ्यांवरही दिसू शकते. खोडकिड्याच्या यादीत न बसणारी भुशासारखी विष्ठा ज्यांनी वेळीच टिपली, त्यांना लहान अळ्यांवर उपाय करता आले. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरल्यावर फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. थ्रिप्स पार्व्हिस्पिनस हा आग्नेय आशियातील फुलकिडा भारतात प्रथम बेंगळुरू येथे पपईवर आढळल्याची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पपईवरील एक नवा फुलकिडा एवढेच तेव्हा तिचे महत्त्व वाटणे स्वाभाविक होते. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि कर्नाटकातील मिरची पट्ट्यात याच किडीचा प्रचंड उद्रेक झाला. अनेक शेतकऱ्यांनी नेहमीचा फुलकिडा समजून फवारण्यांमागून फवारण्या केल्या. वास्तविक दोघांत फरक होता. मिरचीवरील नेहमीचा फुलकिडा फिकट पिवळसर असतो, कोवळ्या पानांवर राहतो आणि पान वर वळवतो. नवा फुलकिडा गडद तपकिरी, काळपट असून फुलांत मोठ्या संख्येने दाटी करतो. फुले गळतात, फळधारणा होत नाही आणि पानाच्या खालच्या बाजूस ओरखडे दिसतात. झाड तेच होते. भाग बदलला होता. पानांऐवजी फुलात काय आहे हे पाहणाऱ्याला हा बदल दिसू शकत होता.

या प्रसंगातून आणखी एक गोष्ट समजते. यजमानांची यादी कायमची नसते. नव्या प्रदेशात आलेली कीड नवी पिके स्वीकारते. म्हणून गौण वाटणाऱ्या पिकावरील किंवा तणावरील अनोळखी कीटकाची नोंदही मोलाची असते.

शेतातील पाहणी आणि नमुना

प्राथमिक ओळख बांधावर पटली, तरी अंतिम निर्णय अनेकदा प्रयोगशाळेतच होतो. त्यासाठी पाठवलेला नमुना उपयोगी ठरावा म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. कीड तोडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. एक संपूर्ण झाडाचे, एक प्रादुर्भावग्रस्त भागाचे आणि एक किडीचे जवळून, अशी किमान तीन छायाचित्रे असावीत.

२. पिकाचे नाव, वाण, वाढीची अवस्था आणि कीड असलेला भाग लिहावा. ‘पानावर’ एवढे पुरेसे नाही. कोवळे की जून, वरची बाजू की खालची, हेही नोंदवावे.

३. कीड काय करत होती ते लिहावे. खात होती, नुसती बसली होती, अंडी घालत होती की दुसऱ्या कीटकाला खात होती? डिवचल्यावर तिने काय केले? मुंग्या सोबत होत्या का? पिठ्या ढेकूण व माव्याजवळ मुंग्या असणे ही मित्रकीटकांना अडथळा असल्याची खूण आहे.

४. शेजारची पिके, बांधावरची झाडे आणि तणे पाहावीत. तीच कीड तेथेही असेल, तर त्या वनस्पतींची नावे टिपावीत. नाव माहीत नसल्यास फांदीचे छायाचित्र जोडावे.

५. किडीच्या गटाप्रमाणे नमुना घ्यावा. मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण हे मऊ शरीराचे कीटक ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. पांढरी माशी केवळ प्रौढावरून ओळखता येत नाही. तिची ओळख पानाला चिकटलेल्या कोषावस्थेवरून पटते, म्हणून कोष असलेले पान कागदात दाबून पाठवावे. पतंग व भुंगेरे कोरडे ठेवावेत.

६. अळी अनोळखी असल्यास काही अळ्या हवेशीर डब्यात त्याच झाडाचा ताजा पाला घालून वाढवाव्यात. पतंग बाहेर आला तर ओळख सोपी होते. पतंगाऐवजी लहान गांधीलमाश्या बाहेर आल्या, तर शेतात मित्रकीटक काम करत आहेत असे समजते. त्या माश्याही जपून ठेवाव्यात.

७. प्रत्येक नमुन्यासोबत तारीख, गाव, तालुका, जिल्हा, झाडाचे नाव आणि गोळा करणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी ठेवावी. अल्कोहोलमध्ये शाई विरघळते, म्हणून ती पेन्सिलने लिहावी.

असा नमुना प्रथम जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावा. तेथे शंका राहिल्यास तो बेंगळुरूच्या ब्युरोकडे पाठवता येतो. उत्तर येईपर्यंत सरसकट फवारणी टाळून प्रादुर्भावग्रस्त भाग काढून नष्ट करणे आणि शेताच्या चार-पाच ठिकाणी दर दोन दिवसांनी पाहणी करणे हे सुरक्षित उपाय आहेत. नुकसान वेगाने वाढत असेल, तर कृषी विभागाच्या सल्ल्याने शिफारस केलेलेच औषध वापरावे.

गावपातळीवर प्रत्येक मुख्य पिकासाठी एक वही ठेवणे उपयुक्त ठरते. तिच्या पानावर पिकाचे भाग डावीकडे आणि त्या भागावर दिसणाऱ्या किडी, त्यांच्या खुणा, वागणूक व मित्रकीटक उजवीकडे लिहावेत. दोन-तीन हंगामांत त्या गावाची स्वतःची यादी तयार होते. पुढच्या हंगामात एखादी कीड त्या यादीत बसली नाही, तर त्याच दिवशी कळवावे. पपई, मका आणि मिरची या तिन्ही पिकांवरील किडींची पहिली चिन्हे शेतातच दिसली होती. पुढच्या वेळीही ती तेथेच दिसतील.